ग्रामसभेची वेबसाइट, पैसे न मोजता

प्रश्न : तेंदू-बांबूच्या लिलावाच्या सूचना ग्रामसभेला वेबसाइटवर द्यायच्या आहेत. कोडिंग कुणालाच येत नाही. खर्च किती? – एक वाचक, धानोरा, जि. गडचिरोली

उत्तर : खर्च नाही, कोडिंगही नको. ‘गूगल साइट्स’वर जीमेल खात्यातूनच पान बनतं, मजकूर मराठीत लिहायचा, लिलावाची पीडीएफ जोडायची, की झालं. पैसे लागतात ते स्वतःच्या नावाच्या डोमेनला, दरवर्षी. त्याची घाई नको. फुकटचं टिकेल का, ही शंका रास्तच. पण बहुधा साइट बंद पडते ती पासवर्ड एकाच्याच खिशात राहिल्यामुळे. म्हणून ग्रामसभेचं वेगळं ईमेल काढा, दोघांना संपादनाचा अधिकार द्या. आता साइटवर काय द्यायचं ते. तुमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, म्हणजे जंगलातल्या तेंदू-बांबूचा हक्क ग्रामसभेकडे आला. असा हक्क चालवताना हिशेब उघड हवाच. मात्र सभासदांचे आधार व खातेक्रमांक कदापि टाकू नका. रेंज कमी, तेव्हा फोटो लहान करूनच चढवा.