सातपुड्याच्या पायथ्याशी बिया फोडून खाताना

वैशाखात पालच्या किंवा वैजापूरच्या बाजूने सातपुड्यात शिरलात, की चारोळीची फळे काळी पडू लागलेली दिसतात. त्याआधी फाल्गुनात बांधावरच्या चिंचेखाली चिंचोके पडलेले असतात, आणि त्याच्याही आधी पौष-माघात बोरीखाली आठोळ्या. जळगाव-धुळ्याकडे हिंडताना फोडून खाण्याजोग्या बियांची माझी यादी एवढीच आहे. त्यात फार तर शाळेच्या आवारातला देशी बदाम घाला. नवख्या माणसाने आधी एवढी चार झाडे पक्की ओळखावीत, पानाफुलांसकट, बाराही महिने.

पहिले काम ओळखीचेच. वाटेवर सुटी सापडलेली बी, कितीही चांगली दिसली तरी, तोंडात टाकायची नाही. झाड दिसले पाहिजे, आणि ते झाड तुम्हाला किंवा सोबतच्या जाणकाराला ठाऊक पाहिजे. शेताच्या कुंपणाला चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड, पुष्कळ ठिकाणी लावलेला असतो. त्याची काळपट बी फोडली की पांढरा मगज निघतो आणि तो शेंगदाण्यासारखा गोडसर लागतो. म्हणूनच मुले तो मूठमूठ खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात जातात. शाळकरी मुलांना अशी विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हापुन्हा येतात. तेव्हा जिभेवर भरवसा ठेवून बी पारखू नका. एरंड, धोतरा, पिवळी कण्हेर आणि गुंज यांच्या बियाही जिवावर बेतू शकतात. गुंजेची लाल-काळी बी मुलांना खेळायला आवडते, पण ती चावली गेली तर फार धोका आहे. कुणी अशी बी खाल्लीच, तर घरी उलटी काढण्याच्या खटपटीत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि उरलेली बी डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

आता खाण्याकडे वळू. बोराची आठोळी सोपी आहे. गर खाऊन झाला की ती धुवा, सपाट दगडावर ठेवा आणि लहान दगडाने बेताचा ठोका द्या. जोर जास्त झाला तर टरफल आणि दाणा यांचा एकच चुरा होतो. आत एक किंवा दोन चपटे, तपकिरी दाणे असतात, ते तसेच खा. दाताने आठोळी फोडू नका. दाढेचा तुकडा पडायला एक आठोळी पुरते.

देशी बदामाचे फळ वाळले, की त्याच्यावर चिवट धाग्यांचे कवच राहते. ते आडवे ठेवून ठोकले तर दबते, पण फुटत नाही. फळाच्या दोन्ही बाजूंना कडा असते. फळ त्या कडेवर उभे धरा आणि वरच्या कडेवर ठोका म्हणजे ते उभे चिरते. आतली गिरी बारीक असते, पण गोड.

चिंचोक्याला विस्तव लागतो. लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजा, साल तडकून काळसर झाली की उतरवा आणि गरम असतानाच खलबत्त्यात हलके कुटून साल काढून टाका. ही साल तुरट असते, ती खाल्ली तर पोट धरते. आतला पांढरट चिंचोका दगडासारखा टणक असतो. तो मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवून मगच दुसऱ्या दिवशीच्या भटकंतीला घ्या. गालात धरून सावकाश चघळला तर बराच वेळ पुरतो. याच चिंचोक्यांची खळ घोंगडीला देतात, तोच चिकटपणा चघळताना जिभेवर राहतो.

चारोळीवर मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण दुकानातली चारोळी खाऊन तिची खरी चव कळत नाही. चारोळीच्या, म्हणजे चाराच्या, झाडाची साल गडद करडी असते आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली. पाने रुंद, जाड, टोकाला बोथट, आणि त्यांच्या शिरा सरळ समांतर जातात. हिवाळ्याच्या शेवटी बारीक पांढरट फुलांचे तुरे येतात. फळ साधारण एक सेंटिमीटरचे, पिकल्यावर जांभळट काळे. याच कुळातल्या बिब्ब्याशी गल्लत करू नका. बिब्ब्याची काळी बी नारिंगी बोंडाच्या टोकाला बाहेर लोंबते, आणि तिच्या तेलाने अंगावर फोड येतात. बिब्ब्यातली गोडंबी चविष्ट असली तरी ती काढणे सरावलेल्या हातांचेच काम आहे. काजू किंवा आंबा ज्याला बाधतो, त्याने चारोळीही जपूनच चाखावी, कारण कूळ एकच.

फळ हाताला लागेल तेवढेच तोडा, किंवा खाली पडलेले वेचा. फांदी मोडायची नाही. कच्ची हिरवी फळे ओरबाडली तर आतला दाणा भरलेला नसतो आणि झाडाचेही नुकसान होते. गोड-आंबट गर आधी खाऊन घ्या. उरलेली बी पाण्यात चोळून धुवा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. मग ती हातात फिरवून पाहा: कडेने एक बारीक सांधा दिसेल. बी त्या कडेवर उभी धरून छोट्या दगडाने टकटक केली, की दोन शिंपा वेगळ्या होतात आणि मसुराएवढा दाणा अखंड निघतो. थोड्यांसाठी हीच रीत चांगली. शेराने फोडायची असेल तर पाड्यावर ती जात्यावर, वरची तळी सैल ठेवून, भरडतात आणि सुपात पाखडून टरफल वेगळे काढतात.

कुठून घेता, तेही पाहा. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्ये आहेत, तिथून परवानगीशिवाय काहीही उचलणे वन्यजीव कायद्याने मना आहे. अभयारण्याबाहेरच्या जंगलातही चारोळी म्हणजे पावरा, भिल्ल, तडवी घरांची उन्हाळ्याची कमाई आहे. गौण वनोपजावर त्यांचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे, आणि सरकारच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत चारोळीही आहे. वाटसरूने एक ओंजळ घ्यावी, पिशवी भरू नये. जास्त हवी असेल तर गावातूनच विकत घ्या, आणि जमले तर न फोडलेली.

कारण दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते. कवचातली बी कोरड्या डब्यात कित्येक महिने टिकते, पण फोडलेला दाणा उन्हाळ्यात लवकर खवट होतो. लागेल तेवढीच फोडा. फोडलेली उरली तर मंद आचेवर नुसती गरम करा, गार होऊ द्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि खाण्यापूर्वी वास घेऊन पाहा.