श्वानांची भयविकृती आणि औषधयोजना

मृगाच्या गडगडाटात वा दिवाळीच्या फटाक्यांत टाकवे बुद्रुकपासून खांडीपर्यंतची राखणीची कुत्री थरथरतात, खाटेखाली दडतात, साखळी तोडून रानात पळतात. अशा वेळी ‘सारस्वतारिष्ट द्यावे काय?’ अशी पृच्छा औषधालयात झाल्यास स्पष्ट नकार द्यावा. अरिष्टांतील संधानजन्य मद्यांश श्वानास बाधतो. द्राक्षासव तर दुहेरी वर्ज्य. द्राक्षे व मनुका यांनी श्वानाच्या वृक्कांस गंभीर इजा होऊ शकते.

मालकाच्या विरहाने येणाऱ्या अस्वस्थतेवर क्लोमिप्रामिन व फ्लुओक्सेटिन ही औषधे अमेरिकेत श्वानांसाठी अनुक्रमे १९९८ व २००७ मध्ये मान्य झाली. गुण दिसण्यास सहसा ४ ते ६ आठवडे लागतात. सोबत सवयीचे शिक्षणही हवेच. ऐन गडगडाटात त्यांचा उपयोग नाही. केवळ एसप्रोमाझिनने देह सुस्तावतो, भय तसेच राहते. ही मानसौषधे चालू असता सर्पगंधा देणे धोक्याचे. मात्रा ठरविणे नोंदणीकृत पशुवैद्यकाचेच काम.

शांत कुत्रे एकाएकी दडू, चावू वा लाळ गाळू लागल्यास मात्र प्रथम अलर्काची शंका घ्यावी. औषध पाजण्यास तोंडात हात घालू नये. चावा झालाच असेल, तर जखम साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी लसीकरणास पाठवावे.