देवनहळ्ळी : मंदीत उतरलेले विमान आणि जमिनीचा हिशेब

आर्थिक मंदीचे वर्णन बहुधा शेअर निर्देशांक, विनिमय दर आणि मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद यांच्या आधारे केले जाते. तालुक्याच्या गावात मंदी निराळ्या रूपाने येते. तेथे ठरलेला जमिनीचा व्यवहार इसारापाशी थांबतो, अर्धवट इमारतीवरचे मजूर कमी होतात आणि बँकेच्या शाखेत हप्त्याची मुदत वाढवून मागणारे अर्ज येऊ लागतात. २००८-०९ च्या जागतिक मंदीत बंगळूरजवळील देवनहळ्ळीने जे अनुभवले, ते कर्ज घेणाऱ्या ग्राहकाला आणि कर्ज देणाऱ्या बँक कर्मचाऱ्याला सारखेच उद्बोधक आहे.

किल्ला, रेशीम आणि पपनस

बंगळूरच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर देवनहळ्ळी वसले आहे. १५०१ मध्ये येथे मातीचा किल्ला उभारला गेला. पुढे हैदर अलीच्या काळात तो दगडी झाला. टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणूनही हे गाव इतिहासाला परिचित आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या जेमतेम २८ हजारांच्या घरात होती. परिसराची अर्थव्यवस्था द्राक्षे, भाजीपाला, दूध आणि रेशीम यांवर उभी राहिलेली. तालुक्यातील विजयपुरा हे तर रेशमासाठीच ओळखले जाते. येथील ‘चकोता’, म्हणजे आपले पपनस, भौगोलिक मानांकन मिळवून बसले आहे. वर्षातून अनेकदा थोडे थोडे उत्पन्न देणारी ही शेती होती. पुढील सर्व हिशेबात ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

तेजीची पायाभरणी

बंगळूरचा जुना एचएएल विमानतळ माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या वाढीला अपुरा पडू लागला, तेव्हा देवनहळ्ळीजवळ सुमारे ४,००० एकरांवर नवा विमानतळ उभारण्याचे ठरले. २००४ मध्ये सवलत करार झाला आणि जुलै २००५ मध्ये बांधकाम सुरू झाले. भागभांडवलात सीमेन्सचा वाटा ४० टक्के, लार्सन अँड टुब्रो व झुरिच विमानतळ यांचा प्रत्येकी १७ टक्के आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण व कर्नाटक शासनाचे औद्योगिक महामंडळ यांचा प्रत्येकी १३ टक्के होता. १५० किलोमीटरच्या परिघात ठरावीक काळ स्पर्धक विमानतळ होऊ द्यायचा नाही, अशी तरतूदही करारात होती. त्यामुळे जुन्या विमानतळावरील प्रवासी वाहतूक नव्या ठिकाणी येणार हे निश्चित झाले.

ही निश्चितीच जमिनीच्या बाजाराला पुरेशी ठरली. धावपट्टी तयार होण्यापूर्वीच तिच्या भोवतालच्या शेतांत भूखंडांचे खुंट रोवले गेले. शहरातील नोकरदार आणि परदेशस्थ भारतीय यांनी ‘विमानतळालगतची जागा’ या एका शब्दप्रयोगावर विश्वास ठेवून पैसे गुंतवले.

या काळात रिझर्व्ह बँकेने सावधगिरीचा इशारा कृतीतून दिला होता. व्यापारी स्थावर मालमत्तेला दिलेल्या कर्जावरील जोखीमभार जुलै २००५ मध्ये १०० वरून १२५ टक्के आणि मे २००६ मध्ये १५० टक्के करण्यात आला. जोखीमभार वाढला की त्याच कर्जासाठी बँकेला अधिक भांडवल राखून ठेवावे लागते. परिणामी ते कर्ज महागते आणि हात आखडतो. केवळ जमीनखरेदीसाठी बांधकाम व्यावसायिकांना कर्ज देण्यासही बँकांना मनाई होती.

उद्घाटन आणि मंदी एकाच वर्षी

२४ मे २००८ रोजी नव्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, खनिज तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढले आणि विमान कंपन्यांचे कंबरडे मोडले. १५ सप्टेंबरला अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स कोसळली. बंगळूरच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची गिऱ्हाइके मुख्यतः तिकडचीच. साहजिकच नव्या नेमणुका रखडल्या. २००७-०८ मध्ये एक कोटीवर गेलेली बंगळूरची वार्षिक विमानप्रवासी संख्या २००८-०९ मध्ये त्याखाली उतरली. मोठ्या भागीदारांनीही आपले हिशेब नव्याने मांडले. २००९ च्या अखेरीस लार्सन अँड टुब्रोने आपला संपूर्ण १७ टक्के आणि झुरिच विमानतळाने १२ टक्के हिस्सा जीव्हीके समूहाला विकण्याचे ठरवले.

रिझर्व्ह बँकेने आता उलट दिशेने पावले टाकली. ऑक्टोबर २००८ मध्ये ९ टक्के असलेला रेपो दर एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ टक्क्यांवर आला. रोख राखीव प्रमाण ९ वरून ५ टक्के झाले. स्थावर मालमत्तेवरील जोखीमभार नोव्हेंबरमध्ये पुन्हा १०० टक्के करण्यात आला. डिसेंबर २००८ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी ५ लाखांपर्यंतच्या नव्या गृहकर्जास कमाल ८.५ टक्के आणि ५ ते २० लाखांच्या कर्जास कमाल ९.२५ टक्के व्याजदर जाहीर केला. याचा अर्थ आकड्यांत पाहावा. २० लाखांच्या, २० वर्षे मुदतीच्या कर्जाचा मासिक हप्ता १२ टक्के दराने सुमारे २२,०२२ रुपये, तर ९.२५ टक्के दराने सुमारे १८,३१७ रुपये होतो. महिन्याकाठी ३,७०० रुपयांचा हा फरक मध्यमवर्गीय कुटुंबाला घर घेण्याचे बळ देणारा होता. घर राहण्यासाठी घेणाऱ्यास मंदी काही अंशी अनुकूल ठरली ती अशी.

विकासाचे घड्याळ आणि हप्त्याचे घड्याळ

जागा केवळ विकण्यासाठी घेणाऱ्याची स्थिती वेगळी होती. मोकळा भूखंड भाडे देत नाही, पीक देत नाही. तो फक्त पैसा अडकवून ठेवतो. समजा, १० लाखांच्या भूखंडात अडकलेल्या रकमेवर व्याजापोटी वार्षिक १२ टक्के खर्च येतो. भाव तीन वर्षे जागच्या जागी राहिला, तर त्या भूखंडाची खरी किंमत खरेदीदाराला १४ लाखांहून अधिक पडते. सहा वर्षांत ती जवळजवळ दुप्पट होते. म्हणजेच भाव उतरला नाही तरी तोटा होतो.

देवनहळ्ळीचा विकास खोटा ठरला नाही, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. २०१३ मध्ये विमानतळाला केंपेगौडांचे नाव मिळाले व प्रवासी इमारतीचा विस्तार झाला. हेब्बाळकडून येणारा उन्नत द्रुतगती मार्ग २०१४ मध्ये, दुसरी धावपट्टी डिसेंबर २०१९ मध्ये, विमानतळाजवळील रेल्वे थांबा २०२१ मध्ये आणि दुसऱ्या टर्मिनलचे उद्घाटन नोव्हेंबर २०२२ मध्ये झाले. २०२४-२५ या वर्षात येथून चार कोटींहून अधिक प्रवाशांनी प्रवास केला. एरोस्पेस उद्यान आले, फॉक्सकॉनसारख्या कंपनीने जमीन घेतली. २००५ मध्ये रंगवलेले चित्र बरेचसे खरे झाले. मात्र त्यास पंधरा-सतरा वर्षे लागली. विकासाचे घड्याळ दशकांनी चालते आणि कर्जाच्या हप्त्याचे महिन्यांनी. या दोन घड्याळांची गल्लत ज्यांनी केली, त्यांना मधल्या मंदीत ऐन वेळी विक्री करावी लागण्याचा धोका होता. स्वतःच्या बचतीतून, दीर्घ मुदतीसाठी थांबण्याची ज्यांची तयारी होती, त्यांना तीच मंदी केवळ एक विश्रांती होती.

मोबदला : एकदाच येणारा पैसा

जमीन देणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब याहूनही नाजूक आहे. समजा, मोबदल्याचे ५० लाख रुपये ८ टक्के दराने मुदत ठेवीत ठेवले, तर वर्षाला ४ लाख व्याज मिळते. ही रक्कम आज पुरेशी वाटते. परंतु महागाई वार्षिक १० टक्के राहिली, तर साधारण सात वर्षांत पैशाची खरेदीशक्ती निम्मी होते. द्राक्षाचा, दुधाचा वा रेशीमकोषाचा भाव महागाईबरोबर पुढेमागे सरकतो. ठेवीचे मुद्दल जागचे हलत नाही.

चन्नरायपट्टण होबळीतील १३ गावांतल्या १,७७७ एकर जमिनीच्या संपादनाला तेथील शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ विरोध केला, त्यामागे हा हिशेबही होता. अखेर जुलै २०२५ मध्ये हे संपादन सोडून देत असल्याचे कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. जमीन न गमावता विकासात वाटा घेण्याचा निराळा मार्ग पुण्याजवळच्या हडपसरने दाखवला होता. तेथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली अंदाजे ४०० एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभारली आणि ती स्वतःच भागधारक झाली.

ग्राहकांनी आणि शाखांनी घ्यावयाचा बोध

विमानतळ, महामार्ग वा औद्योगिक वसाहत यांच्या परिसरात गुंतवणूक करताना पुढील बाबी तपासाव्यात :

१. कागदपत्रे : कर्नाटकात ‘पहणी’, म्हणजे आपल्याकडील सातबारासारखा उतारा, बोजाविषयक दाखला, बिनशेती परवानगी आणि नियोजन प्राधिकरणाची रेखांकन मंजुरी पाहावी. शेतकरी नसलेल्यांना तेथे शेतजमीन घेण्यावर २०२० पर्यंत निर्बंध होते. जुन्या व्यवहारांत ही बाब विशेषत्वाने तपासावी.

२. हप्ता : जमिनीची भाववाढ गृहीत धरून हप्ता ठरवू नये. नियमित उत्पन्नातून तो फिटेल एवढेच कर्ज घ्यावे.

३. राखीव निधी : सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च भागेल एवढी रक्कम सहज काढता येईल अशा ठेवीत असावी.

४. मोबदला : संपूर्ण रक्कम एकाच ठिकाणी वा एकाच मुदतीसाठी ठेवू नये. काही भाग टप्प्याटप्प्याने परिपक्व होणाऱ्या ठेवींत, तर काही भाग उत्पन्न वाढवणाऱ्या शेती वा व्यवसायात असावा.

मोबदल्याचा धनादेश घेऊन आलेल्या खातेदाराला केवळ ठेवीचा अर्ज देऊन शाखेचे कर्तव्य संपत नाही. त्याच्या आयुष्यभराचे उत्पन्न त्या एका कागदात सामावलेले असते. ते किती वर्षे पुरावे लागेल, हा प्रश्न त्याच्याबरोबर बसून सोडवला, तरच बँकेने त्याची खरी सेवा केली असे म्हणता येईल.