टेरोडॅक्टिल : पी गप्प का बसतो?



प्राचीन प्राण्यांच्या पुस्तकात टेरोडॅक्टिल भेटला की मुलं विचारतात, "स्पेलिंगमध्ये पहिला पी आहे, मग म्हणायचा का नाही?" "तो सायलेंट आहे, पाठ करा" असं सांगून मीही बरीच वर्षं वेळ मारून नेली. पण उत्तर शब्दाची फोड केली की मिळतं.

उच्चाराची फोड : टे-रो-डॅक्-टिल. चार तुकडे, चार टाळ्या.

अर्थाची फोड : ग्रीकमध्ये प्टेरॉन म्हणजे पंख, डॅक्टिलॉस म्हणजे बोट. या प्राण्याचं चौथं बोट खूप लांब होतं आणि पंखाचा पडदा त्याच्या आधारावर ताणलेला असे. म्हणून फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी १८०९ मध्ये हे नाव दिलं. आपल्याकडे संस्कृतातही 'पत्' म्हणजे उडणे आणि 'पत्र' म्हणजे पंख. मूळ एकच!

आता पी कडे वळू. इंग्रजीत शब्दाची सुरुवात 'प्ट' अशा उच्चाराने होत नाही, म्हणून तिथे पी गळतो. हेच प्टेरॉन हेलिकॉप्टरमध्येही आहे : हेलिक्स (मळसूत्री वळण) + प्टेरॉन. तिथे मात्र उच्चार हे-लि-कॉप्-टर असा तुटतो. पी एका तुकड्यात, टी पुढच्या तुकड्यात. दोघंही ऐकू येतात.

वर्गात दोन्ही शब्द फळ्यावर लिहा. आधी टाळ्या वाजवून उच्चार तोडा, मग रंगीत खडूने अर्थाची रेघ मारा. हेलिकॉप्टरमध्ये ती रेघ पी च्या आधी पडते, हे मुलांनाच शोधू द्या. मग स्पेलिंग पाठ करायला सांगावं लागत नाही.