आंत्रस्थ जीवाणूंचे ‘तीन गट’ आणि त्रिदोषप्रकृती

परिसंवादांतून आणि पदव्युत्तर प्रबंधांतून एक विधान अलीकडे वारंवार कानी पडते. मानवी आंत्रातील जीवाणूंचे तीनच प्रकार आधुनिक विज्ञानाला आढळले, म्हणून वात, पित्त व कफ या प्रकृतींना जीवाणुशास्त्राचा आधार मिळाला, असे ते विधान. हे ‘तीन’ कोणत्या रीतीने मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ शोधनिबंध २०११ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हायडेलबर्ग येथील पीअर बोर्क आणि सहकाऱ्यांनी मलनमुन्यांतील डीएनए वाचून प्रत्येक नमुन्यात कोणत्या जीवाणूचे प्रमाण किती, हे काढले. नंतर कोणत्याही दोन नमुन्यांमधील भेद ‘अंतर’ म्हणून गणिताने मोजला आणि परस्परांजवळचे नमुने एकत्र केले. बॅक्टेरॉइडिस, प्रिव्होटेला आणि रुमिनोकॉकस यांच्या आधिक्याचे तीन गट मिळाले. त्यांना ‘एन्टेरोटाइप’ हे नाव देण्यात आले.

या पद्धतीस समूहीकरण म्हणतात. तिचा स्वभाव असा, की गट पाडण्यास सांगितले की ती गट पाडतेच. बाह्यरुग्ण विभागातील दोनशे रुग्णांच्या उंचीची नोंद देऊन तीन गट करा म्हटले, तर तीन होतील. पाच म्हटले, तर पाच. निसर्गात तेथे कोठेही रेषा आखलेली नसते. गट किती मानावेत, हे ठरवण्यासाठी काही निर्देशांक वापरतात. प्रत्येक नमुना शेजारच्या गटापेक्षा स्वतःच्या गटाला किती अधिक जवळ आहे, हे त्यांपैकी एक सांगतो. तो एकाच्या जवळ असेल तर गट सुस्पष्ट, शून्याच्या जवळ असेल तर सीमा धूसर. अंतर मोजण्याची रीत आणि निर्देशांक बदलला की गटांची संख्याही बदलू शकते, हे २०१३ मध्ये दाखवले गेले. पुढे २०१८ साली बोर्क यांचाच सहभाग असलेल्या लेखात एन्टेरोटाइपचे वर्णन काटेकोर कप्प्यांऐवजी, काही ठिकाणी दाट वस्ती असलेल्या सलग प्रदेशासारखे करण्यात आले.

या नोंदी टक्केवारीत असतात, हेही विसरू नये. बेरीज नेहमी शंभर. एक जीवाणू घटला की इतर प्रत्यक्षात न वाढताही वाढलेले दिसतात.

आता आहार. २०११ मध्येच ‘सायन्स’मध्ये आलेल्या अमेरिकेतील ९८ व्यक्तींच्या अभ्यासात दीर्घकालीन प्रथिन व प्राणिज मेदयुक्त आहाराचा संबंध बॅक्टेरॉइडिसशी, तर कर्बोदकप्रधान आहाराचा प्रिव्होटेलाशी आढळला. भोपाळ व केरळ येथील व्यक्तींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यातही वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्या भोपाळच्या गटात प्रिव्होटेला ठळक होता. म्हणजे ज्याला आपण प्रकृती म्हणू पाहतो, ते ताटातील अन्न असण्याचा संभव मोठा आहे. शिवाय शास्त्रमतानुसार प्रकृती शुक्रशोणितसंयोगसमयी ठरते व आयुष्यभर टिकते. आंत्रस्थ जीवाणू तर जन्मोत्तर वसतात आणि आहाराने, प्रतिजैविकांनी बदलतात. या दोहोंना एक मानणे शास्त्रालाच बाधक आहे.

याच संदर्भात २०१७ च्या एका अभ्यासाचा दाखला दिला जातो. पश्चिम भारतातील १४७ निरोगी व्यक्तींच्या शारीरिक-मानसिक लक्षणांवरून संगणकाने तीन नैसर्गिक गट दाखवले आणि ते तीन प्रकृतींशी जुळले. काम मोलाचे आहे. विशेषतः वर्गीकरणाची कसोटी उत्तर भारतातील वेगळ्या लोकसमूहावर घेतली, हे उत्तम. परंतु निवडलेल्या व्यक्ती केवळ तीव्र एकदोषज प्रकृतीच्या होत्या. सुश्रुतांनी सात प्रकृती सांगितल्या आहेत, आणि आपल्याकडे येणारे बहुसंख्य रुग्ण द्वंद्वज असतात. मधले वगळून टोकेच घेतली, तर तीन गट दिसणे अपेक्षितच. आणि ही लक्षणे होती, जीवाणू नव्हेत. पश्चिम भारताच्या ग्रामीण भागातील जीवाणूंवर २०१८ साली काम झाले व काही प्रकृतिनिहाय फरक नोंदले गेले. तेथेही निवड टोकाच्या प्रकृतींचीच होती.

प्रबंधासाठी असे काम हाती घेणाऱ्यांस एक सूचना. नमुने पन्नास आणि जीवाणू शेकडो असले, की संगणक नियम शिकत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका घोकणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणे उत्तरे पाठ करतो. म्हणून काही नमुने आरंभीच बाजूला ठेवून परीक्षेसाठीच वापरावेत. एकाच घरातील व्यक्ती शिकवण्याच्या व परीक्षेच्या अशा दोन्ही गटांत विभागू नयेत, कारण त्यांची चूल एक असते.

माझ्या मते तुलनेसाठी प्रकृतीपेक्षा कोष्ठ अधिक जवळचा आहे. बेल्जियममधील ५३ स्त्रियांच्या अभ्यासात (२०१६) मलाच्या घट्ट-सैलपणाचा जीवाणूंच्या विविधतेशी व एन्टेरोटाइपशी दृढ संबंध आढळला. सैल मलात प्रिव्होटेला अधिक होता. क्रूर, मृदू व मध्य कोष्ठ ही वाग्भटांची विभागणी आपण विरेचनापूर्वी रोज पाहतो. मलनमुना घेताना कोष्ठ, मलाचे स्वरूप, मागील तीन महिन्यांतील आहार आणि प्रतिजैविके यांची नोंद केली, आणि प्रकृतिपरीक्षण करणाऱ्या वैद्यास जीवाणूंचा अहवाल दाखवला नाही, तर मिळणाऱ्या आकड्यांतून काही शिकता येईल.