गाडीचा एसी एकीकडे गार, एकीकडे कोमट : वॉरंटीत काय करावे?

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात गाडीतील एसी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत अमरावती, मूर्तिजापूर, अकोला, वाशीम अशी वसुलीची फेरी करणाऱ्या व्यापारी बांधवांकडून नव्या गाडीविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते. डावीकडच्या जाळीतून थंडगार हवा, चालकाकडे मात्र कोमट. वर्कशॉपमध्ये कारागीर जाळीसमोर हात धरतो, 'कूलिंग ठीक आहे' म्हणतो आणि गाडी परत देतो.

प्रथम, दोष खरोखर एसीत आहे की उन्हात, हे पाहावे. दुपारनंतर अकोल्याहून वाशीमकडे निघाल्यास ऊन उजवीकडून, म्हणजे चालकाच्याच अंगावर येते. म्हणून तपासणी सावलीत करावी. काचा बंद, आतली हवा फिरविण्याचे बटन चालू, पंखा मध्यम ठेवावा. दोन्ही बाजूंना वेगळे तापमान ठेवण्याची सोय असल्यास ते सारखे करावे. दहा मिनिटांनी साधा थर्मामीटर प्रत्येक जाळीत धरून आकडे लिहून घ्यावेत. दोन-तीन अंशांचा फरक सोडून द्यावा. सात-आठ अंशांचा फरक सोडू नये.

याचे पहिले संशयित कारण म्हणजे गॅस कमी असणे. गॅस अपुरा असला की कूलिंग कॉइलचा एकच भाग गार होतो व त्या बाजूच्या जाळीतच थंडी येते. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांत फिरत राहतो. नव्या गाडीत तो कमी झाला तर बहुधा कोठेतरी गळती असते. तेव्हा नुसता गॅस भरून घेऊन समाधान मानू नये, गळती शोधून मागावी. दुसरे कारण, हवा गार-गरम बाजूला वळविणाऱ्या झडपेची छोटी मोटर अडकणे. डॅशबोर्डमागे टकटक आवाज येत असेल तर संशय तिच्यावर.

हायवेवर गार आणि राजकमल चौकाच्या गर्दीत गरम, असे होत असेल तर समोरचा कंडेन्सर किंवा त्याचा पंखा पाहावा. आपल्याकडे धुळीबरोबर जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतूही त्यात अडकतात. तासाभराने हवेचा जोरच कमी होत असेल तर एसी फिल्टर तुंबलेला असतो किंवा कॉइलवर बर्फ धरलेला असतो. फिल्टर व सफाईचा खर्च सहसा मालकाकडेच असतो. मोटर, पंखा, कॉइल हे वॉरंटीत मागता येतात. मात्र वॉरंटी चालू असताना बाहेरच्या मिस्त्रीकडून गॅसची नळी उघडू नये. कंपनीला नकाराचे आयते कारण मिळते.

आता मुख्य गोष्ट, जॉब कार्ड. ट्रान्सपोर्टमधून गाठ भिजलेली आली तर आपण बिल्टीवर शेरा मारल्याशिवाय माल उचलत नाही. येथे मात्र 'एसी चेक' एवढेच लिहिलेल्या कागदावर सही करून मोकळे होतो! कुरआन शरीफात सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची व साक्षीदार ठेवण्याची ताकीद आहे. तीच सवय येथेही ठेवावी. 'उजवी जाळी १७ अंश, डावी ९ अंश, सावलीत, किलोमीटर इतके' असे लिहवून घ्यावे. दुरुस्तीनंतर तेच माप त्यांच्याच कारागिरासमोर पुन्हा घ्यावे. प्रत्येक फेरीची प्रत जपावी, कारण दोष वॉरंटीच्या मुदतीतच सांगितला होता, हे तिनेच सिद्ध होते.

इतके करूनही दाद मिळाली नाही तर स्पीड पोस्टाने पत्र द्यावे, मग ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दावा करावा लागतो. गाडी नागपूर-मुंबईहून घेतली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तो करता येतो. गाडी फर्मच्या नावावर आहे म्हणून आपण ग्राहक ठरत नाही, ही समजूत सरसकट बरोबर नाही. डेमलर क्रायस्लर विरुद्ध कंट्रोल्स अँड स्विचगियर या खटल्यात गाडी आतून तापते अशीच तक्रार होती, व जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संचालकाच्या वापरासाठी कंपनीने घेतलेल्या त्या गाडीची खरेदी व्यापारी हेतूची मानली नाही. स्वतः चालवून पोट भरणाऱ्या टॅक्सीवाल्यालाही कायद्यात सवलत आहे. दाव्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवावी व तिचा क्रमांक जॉब कार्डांच्या फाइलीतच लिहून ठेवावा.