वडीलकीचा पूर्ण कोयता

पोरी, रविवारी मंडळीनं तुला वडील म्हणून निवडलं आणि घरी येऊन तू मला विचारलंस, “आजोबा, ज्यांच्या मांडीवर मी वाढले, त्यांच्याच शेजारी वडील म्हणून कशी बसू?” त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. चाळीस वर्षं मी ही सेवा केली. जे शिकलो त्यातलं निम्मं चुकून शिकलो. ते आता या पाली गावातल्या घराच्या ओसरीवर बसून तुझ्या कानात घालतो. लिहून घेऊ नकोस, करून बघ.

शब्दाला भिऊ नकोस

आपल्या रीतीचं नावच या शब्दावरून पडलं आहे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत ‘प्रेस्बुतेरोस’ म्हणजे वडील, त्यावरून प्रेस्बिटेरियन. जिथं एकटा साहेब नसतो आणि निवडलेले वडील पाळकाबरोबर बसून मंडळी सांभाळतात, ती ही रीत. स्कॉटिश मिशनबरोबर ती आपल्या मुलखात आली. नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा 1843 साली मुंबईत झाला, 1854 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढं त्यांनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल वसवलं. आपलं घराणं तिकडूनच इकडं आलं.

1924 मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळ्या आणि नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या एका चर्चमध्ये आल्या. मग 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि सहा पंथ एकत्र आले. पाटी बदलली, बिशप आले. पण त्या चर्चमध्ये पाळकाच्या पदाला आजही प्रेस्बिटर म्हणतात, आणि स्थानिक कारभार पास्टरेट कमिटी पाहते. आपली म्हातारी माणसं कमिटीवर निवडलेल्याला अजून वडीलच म्हणतात. यात वय मोजलेलं नाही. ज्याच्यावर चार घरांनी भरवसा टाकला तो वडील. तुझ्यावर टाकला आहे.

घरं वाटून घ्या

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसायचा. त्याचा सासरा इथ्रो यानं ते पाहिलं आणि सांगितलं, अशानं तूही झिजशील आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. सासऱ्याचा हा सल्ला मोशेनं ऐकला, हे मला त्याच्या मोठेपणाचं लक्षण वाटतं.

तुम्ही पाच जण आहात. पहिल्याच बैठकीत घरं वाटून घ्या. स्वतःच्या भावकीची घरं स्वतःकडं ठेवू नका. भावकीत माणूस एक तर फार सैल वागतो, नाही तर फार कडक. प्रत्येकानं एक वही ठेवावी: घरात कोण कोण, कोण आजारी, कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न ठरतंय, कोण किती दिवसांत दिसलं नाही. मात्र भांडणं वहीत लिहू नका. वही हरवते, आणि लिहिलेलं भांडण कधी मिटत नाही.

कुणाच्या घरी गेलीस तर चहाला थांब, पण चुलीजवळ बस. पुढच्या खोलीत माणसं बरं चाललंय म्हणतात, खरं ते चुलीजवळ बोलतात.

दसऱ्याच्या आधीचं प्रभुभोजन

हा कानमंत्र सगळ्यांत जपून ठेव, कारण तो आपल्या बीडच्या मातीतला आहे.

दसरा-दिवाळी आली की आपली निम्मी मंडळी ऊसतोडीला जाते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, कारखान्यांचे ट्रक दारात येतात, आणि माणसं सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात पाचटाच्या कोप्यांत जाऊन राहतात. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे नाताळात ती आपल्यात नसतात, आणि कित्येकदा उत्तम शुक्रवारीही नसतात. शहरातल्या मंडळीचं कॅलेंडर आपल्याला लागू पडत नाही. म्हणून ट्रक येण्याआधीच्या रविवारी प्रभुभोजन ठेवायचंच, आणि माणसं परतल्यावरच्या पहिल्या रविवारी पुन्हा. हे दोन रविवार आपले मोठे सण समज.

त्याआधीच्या आठवड्यात घरोघर जा. जुन्या काळी स्कॉटलंडात वडील असेच प्रभुभोजनाआधी घरं फिरायचे आणि मेजाशी येणाऱ्याला शिशाचं एक लहानसं नाणं द्यायचे. ते दाखवून माणूस मेजाशी बसायचा. आपल्याला नाणं नको. त्यामागचं काम मात्र हवं, ते म्हणजे विचारपूस. कुणाशी अबोला आहे का? बांधावरून, उचलीवरून काही राहिलं आहे का? दोन घरांत बिनसलं असेल तर दोघांना एकाच दिवशी एकाच घरी भेट, मधे तू बस, आणि पहिली दहा मिनिटं काही बोलू नकोस. मी या रीतीनं काही अबोले मिटलेले पाहिले आहेत. काही मिटले नाहीत. न मिटलेला अबोला घेऊन माणूस सहा महिने परमुलखात जातो आणि तिथं तो त्याला आतून खातो, हेही पाहिलं आहे. म्हणून प्रयत्न सोडायचा नाही.

माणसं गेल्यावर काम संपत नाही. मागं म्हातारी राहतात, शाळेतली पोरं राहतात. प्रत्येक घराला एक शेजारघर नेमून द्या. बुधवारी रात्री फोन लावत जा. दिवसभर फडात मोळ्या बांधणाऱ्या बाईला रात्री “आज तुमचं नाव घेऊन प्रार्थना केली” एवढं ऐकायला मिळालं, तरी तिला मंडळी सुटली नाही असं वाटतं.

उपासना सगळ्यांच्या तोंडी असू दे

मांडवात मोठं नाव असलेला गायक आणला आणि लोक नुसते ऐकत बसले, तर त्या दिवशी आपण उपासना केली नाही, कार्यक्रम केला. आपल्यात कितीतरी जणांना वाचता येत नाही. त्यांच्या हातात उपासना संगीताचं पुस्तक देऊन उपयोग नाही. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून उचलायची. आपल्या गावातलं भजनी मंडळ असंच गातं. स्कॉटलंडच्या खेड्यांतही स्तोत्रं असंच गायची रीत होती: पुढं उभा असलेला ओळ सांगायचा, मंडळी ती मागून गायची. नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या चालीवर पदं लिहिली, ती याचसाठी की गाणाऱ्याच्या तोंडाला ती आधीच ओळखीची असावीत.

पेटी-तबला गाण्यापेक्षा मोठा होऊ देऊ नकोस. शास्त्रपाठ कुणी वाचायचा ते बुधवारीच सांग, म्हणजे वाचणारा घरी दोनदा वाचून येतो. दर महिन्याला एक पाठ पोरांकडून आणि एक अशा म्हातारीकडून, जिला तो तोंडपाठ आहे. आणि परगावी गेलेल्यांची नावं प्रार्थनेत एकेक करून घे. “जे गैरहजर आहेत त्यांच्यासाठी” असं म्हणून पुढं जाऊ नकोस. नाव घेतलं की माणूस हजर होतो.

पैशाला दोन किल्ल्या

दानाची रक्कम त्याच दिवशी, त्याच जागी, दोन वेगवेगळ्या घरांतल्या माणसांनी मोजायची. दोघांनी वहीत सही करायची. पुढच्या रविवारी आकडा मंडळीत वाचायचा. सोमवारी बँकेत भरणा. चेकवर दोन सह्या. पेटीला दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन घरी.

हे मी का सांगतो ते ऐक. वडील होऊन तिसरं वर्ष होतं. बँक बंद होती म्हणून मंडळीचे पैसे मी घरच्या डब्यात ठेवले. त्याच रात्री तुझा काका तापानं फणफणला आणि औषध त्याच पैशांतून आणलं. आठ दिवसांत सगळे परत भरले, एक रुपया कमी नाही. कुणी मला काही विचारलं नाही. पण कुणी विचारलं नाही, हेच मला वर्षभर टोचत राहिलं, कारण विचारलं असतं तर मला सांगता आलं असतं. मग मीच उभा राहून मंडळीसमोर सांगितलं आणि दुसऱ्या कुलपाची मागणी केली. दुसरी किल्ली म्हणजे अविश्वास नव्हे. प्रामाणिक माणसाला ती आधार असते.

बैठकीत बसायची रीत

बैठकीचे विषय तीन दिवस आधी सगळ्यांना कळव. ज्याला आयत्या वेळी कळतं तो हो म्हणतो आणि बाहेर जाऊन नाही म्हणतो.

सुरुवातीला प्रार्थना करा, पण प्रार्थनेत मुद्दा मांडू नका. “प्रभू, काही जणांची मनं कठीण आहेत” असं डोळे मिटून म्हणणं म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायची संधी न देता मारलेला टोला आहे. देवाशी बोलायचं ते देवाशी, माणसाशी बोलायचं ते डोळे उघडून.

सगळ्यांत लहान वयाच्यानं आधी बोलायचं, जुन्यानं शेवटी. मी आधी बोललो की बाकीचे माझ्या मतावर डोकं हलवायचे आणि मला वाटायचं, एकमत झालं. पटत नसेल तर बैठकीतच सांग आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लाव. पण एकदा ठरलं, की वेशीबाहेर “आम्ही ठरवलं” असंच म्हण. “त्यांनी ठरवलं” हा शब्द मंडळी फोडतो.

पाळक अध्यक्ष म्हणून बसतात, मालक म्हणून नाही. आणि वडीलही मालक नाहीत. 1843 साली, म्हणजे शेषाद्रींच्या बाप्तिस्म्याच्याच वर्षी, स्कॉटलंडात साडेचारशेहून जास्त पाळकांनी आपलं घर आणि पगार सोडला. कारण एकच, जमीनदारानं मंडळीला नको असलेला पाळक तिच्यावर लादू नये. भारतातले स्कॉटिश मिशनरीही त्यांच्याच बाजूनं गेले. ज्या मंडळीतून ही रीत आपल्याकडं आली, तिनं मंडळीच्या आवाजाची एवढी किंमत मोजली होती. म्हणून बैठकीत कोपऱ्यात बसणाऱ्याला बोलतं करणं हे तुझं काम आहे, मग तो कितीही गरीब असो, कुठल्याही आळीतला असो.

सेवा करण्याआधी विचारणं

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. कुरकुर झाली, तेव्हा सात माणसं नेमली गेली. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत, बघ. ज्यांची तक्रार होती, वाटप त्यांच्याच माणसांच्या हाती दिलं. सेवेचा याहून मोठा धडा मला कुठं मिळाला नाही.

1972 च्या दुष्काळात मी अठरा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची, लाल मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली उतरायची नाही. मंडळीकडं वाटायला आलेल्या धान्याची यादी माझे वडील करायचे. आमच्या घराचं नाव ते सगळ्यांत खाली लिहायचे, आणि यादी करताना शेजारी एक विधवा बाई बसवायचे. “कुणाच्या घरी चूल पेटली नाही ते हिला ठाऊक, मला नाही,” म्हणायचे.

आपल्या पालीतच इन्फंट इंडिया या संस्थेच्या छायेत एचआयव्हीबाधित मुलं वाढतात. नाताळात तिथं जायचं असेल तर आधी विचार, काय हवं आहे. धान्य हवं असेल तर धान्य ने. पोरांचे फोटो काढून फिरवू नकोस.

आणि एक गोष्ट तू बाई आहेस म्हणून तुलाच करता येईल. ऊसतोडीच्या बायका पोट दुखतं म्हणून दवाखान्यात जातात आणि गर्भपिशवी काढून येतात. 2019 साली राज्य सरकारनं आपल्या जिल्ह्यात याची चौकशी करायला समिती नेमली होती. कुणी बाई म्हणाली, डॉक्टर पिशवी काढायला सांगतात, तर तिला एकटीला सही करू देऊ नकोस. तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात जा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घे. याकोबाच्या पत्रात लिहिलं आहे की आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं. त्यांनी नुसतं तेल लावून परत यावं, असा त्याचा अर्थ मी कधी घेतला नाही.

शेवटचं

ऊसतोडीत मुकादम हिशेब कसा लिहितो, तू पाहिलं आहेस. ‘एक कोयता’ लिहितो, पण माणसं दोन असतात. एक तोडतो, दुसरी मोळी बांधते. एकटा गेला तर त्याचा अर्धा कोयता. कितीही ताकदीचा असो, अर्धाच. वडीलकीचा हिशेब मला असाच वाटतो. एकट्यानं घेतलेला निर्णय अर्धा, एकट्यानं केलेली सेवा अर्धी. काम जड आहे एवढ्यासाठी आपण ते वाटून घेत नाही. माणूस एकटा असला की आपलीच चूक त्याला दिसत नाही, म्हणून वाटून घेतो.

मी या वर्षी कमिटीतून उतरलो ते दमलो म्हणून नाही. मी असेपर्यंत बैठकीत सगळे माझ्या तोंडाकडं पाहायचे. तूही एक दिवस अशीच उतर, आणि उतरायच्या दोन वर्षं आधी कुणाला तरी बरोबर घेऊन फिरायला लाग.

उद्या जाताना दानपेटीची माझ्याकडची किल्ली घेऊन जा. दुसरी मागू नकोस. ती दुसऱ्या घरी आहे, तिथंच राहू दे.